मोजतात आम्हाला, किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती



आपण पाण्यासाठी मोर्चे काढले, रेशनसाठी लाटणी घेऊन रस्त्यावर आलो, बलात्काराचा कायदा बदला म्हणून सह्या गोळा केल्या. आकडेवारीसाठी मोर्चा निघाल्याचं मात्र कधी ऐकलेलं नाही. तो निघायला हवा, असं मला वाटतं. का, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

विषय ऐकायला कोरडा आहे. देशभरातून बायकांबद्दल, कुटुंबांबद्दल जी माहिती गोळा होते, ती नीट जपणं, तपासणं आणि ज्याला लागेल त्याला वापरता येईल अशी ठेवणं, हे मोठं काम आहे. त्याला इमारत लागते, यंत्रं लागतात, पगारी माणसं लागतात. म्हणजेच पैसा लागतो. हा पैसा कोण देतं, किती वर्षांसाठी देतं आणि कोणत्या अटी घालतं, यावर ठाण्या-कल्याणच्या बाईच्या पदरात काय पडणार हे बऱ्याच अंशी ठरतं. तज्ज्ञांनी आणि सरकारी बाबूंनी आपसात मिटवण्याचा हा मामला नाही.

मी समाजकार्यात एम. ए. केलं. गेली काही वर्षं ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात घरात मार खाणाऱ्या बायकांबरोबर काम करते आहे. त्या कामातून जे दिसलं, तेच इथे मांडते.

“अधिकृत आकडा आणा”

मध्यंतरी आमच्या भागातल्या चार संघटनांच्या बायका मिळून एका सरकारी कार्यालयात निवेदन घेऊन गेलो. मागणी नवी नव्हती. २००० साली ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. मार खाल्लेली बाई पोलीस चौकीची पायरी चढायला घाबरते, पण हात मोडला, डोकं फुटलं की दवाखान्यात तिला यावंच लागतं. तिथेच तिच्याशी शांतपणे बोलणारं, तिला कायदा सांगणारं कोणी असावं, हा त्यामागचा विचार होता. पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. आमच्या भागातल्या सार्वजनिक रुग्णालयातही तशी कायमची सोय हवी, एवढंच आमचं म्हणणं होतं.

आम्ही सोबत तीन वर्षांच्या नोंदवह्या नेल्या होत्या. अधिकाऱ्यांनी त्या चाळल्या. माणूस उद्धट नव्हता, चहाही मागवला. मग म्हणाले, “ताई, ही तुमच्या दारात आलेल्या बायकांची संख्या झाली. आमच्या हद्दीत अशा एकूण बायका किती, त्याचा अधिकृत आकडा आणा. मग प्रस्ताव वर पाठवता येईल.”

आम्ही बाहेर पडलो आणि तो आकडा शोधायला लागलो. कुठे कुठे शोधला आणि काय हाती लागलं, ते ऐका.

चार दारं, चारही बंद

पहिलं दार राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं. १९९२-९३ मध्ये तिची पहिली फेरी झाली. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीपासून घरातल्या हिंसेबद्दल सविस्तर, ठरावीक प्रश्न विचारले जाऊ लागले. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरातल्या ६,३६,६९९ घरांत जाऊन ७,२४,११५ बायकांशी बोलणं झालं. या फेरीनुसार महाराष्ट्रात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी २५.२ टक्के बायकांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. म्हणजे चारांतली एक. २०१५-१६ च्या फेरीत हाच आकडा २१.३ टक्के होता.

हा झाला अख्ख्या राज्याचा आकडा. आता ठाणे जिल्ह्याचा तक्ता उघडा. रक्तक्षय आहे, लसीकरण आहे, संडास आहे, स्वयंपाकाचं इंधन आहे. हिंसेची ओळ नाही. चौथ्या आणि पाचव्या फेरीत जिल्हावार आकडे मिळावेत म्हणून नमुना मोठा केला, पण हिंसेचे प्रश्न मात्र साधारण १५ टक्के घरांपुरतेच ठेवले. तेवढ्यावर राज्याचा अंदाज निघतो, जिल्ह्याचा निघत नाही. असं करण्यामागे कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकांतात आणि तयारीच्या बाईनेच विचारावे लागतात, नाहीतर संध्याकाळी त्याच प्रश्नांपायी तिला पुन्हा मार पडायचा. पण मग ती तयारी, त्या प्रशिक्षित बाया, तो जास्तीचा वेळ, हा सगळा शेवटी पैशाचाच प्रश्न झाला. रक्ताचा थेंब तपासायला जिल्ह्याजिल्ह्यात पैसा पुरला, मार मोजायला राज्यापुरताच पुरला.

त्यातही जिल्हा म्हणजे कोणता? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. चौथ्या फेरीतला ठाणे जिल्हा २०११ च्या जनगणनेच्या हद्दींवर बेतलेला, म्हणजे पालघरसकटचा. पाचव्या फेरीतला पालघर वगळून. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून “पाच वर्षांत काय बदललं” असं विचारायची सोय नाही. आजचा ठाणे जिल्हा तरी किती प्रकारचा? मुंब्र्याच्या चाळी त्यात, घोडबंदरचे टॉवर त्यात आणि शहापूर-मुरबाडचे कातकरी पाडेही त्यातच. या सगळ्यांची सरासरी काढली की हाती येणारी बाई कुठेच राहत नसते.

दुसरं दार राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचं. २०२२ साली देशात बायकांवरच्या गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ नोंदी झाल्या आणि त्यांतल्या ३१.४ टक्के नवरा किंवा सासरच्यांच्या क्रूरतेच्या होत्या. आमच्या भागाचा आकडा ‘ठाणे पोलीस आयुक्तालय’ या एका ओळीत मिळतो. त्या ओळीत ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर सगळं एकत्र कालवलेलं. तोही फक्त पोलिसांनी लिहून घेतलेल्या तक्रारींचा. जी चौकीवरून “घरचं भांडण घरात मिटवा” ऐकून परत आली, ती त्यात नाही. जी गेलीच नाही, ती तर नाहीच. शिवाय २०२३ चा अहवाल हाती पडायला सप्टेंबर २०२५ उजाडला.

तिसरं दार जनगणनेचं. जनगणना मार मोजत नाही, पण एकूण बायका किती ते तिनेच सांगायचं. त्याशिवाय ‘शंभरात किती’ हे काढणार कसं? २०११ साली ठाणे शहराची लोकसंख्या १८.४१ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची १२.४७ लाख होती. त्यानंतर २०१५ मध्ये २७ गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, शीळफाट्याच्या अंगाला नवी नगरं उठली, लोकलच्या दारात लटकणाऱ्या बायका दुप्पट झाल्यासारख्या वाटतात. वाटतात असंच म्हणावं लागतं, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे.

चौथं दार तर आमच्याच हाताने भरलेलं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्यात प्रत्येक तक्रारीचा ‘घटना अहवाल’ ठरावीक नमुन्यात भरायचा असतो. वय, पत्ता, मुलं, हिंसेचा प्रकार, हुंडा, दागिने, सगळं त्यात येतं. हजारो बायकांचं आयुष्य एकाच नमुन्यात बसवलेलं आहे, याहून मोठा संशोधनाचा साठा कोणता असेल? पण तो कोर्टाच्या फायलीत आणि संरक्षण अधिकाऱ्याच्या कपाटात राहतो. नावं-पत्ते काढून त्याचा एकत्रित अभ्यास करता येईल असं काही आमच्यापर्यंत येत नाही. अहवाल भरणारी मी, आणि त्यातून काय निघालं हे वाचायला न मिळणारीही मीच.

तर अधिकृत आकडा आणा म्हणणाऱ्या सरकारकडेच तो नाही, आणि नसल्याचा दंड मात्र बाईने भरायचा.

गोवंडीची माहिती, अमेरिकेची किल्ली

आता पैशाकडे वळू. कुटुंब आरोग्य पाहणीचं मुख्य काम आपल्या शेजारीच होतं. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. कल्याणहून कुर्ल्याला उतरावं, हार्बरची गाडी धरावी, गोवंडीला बाहेर पडलं की आलीच. पण पहिल्या फेरीपासून या पाहणीला मोठा आधार होता तो अमेरिकी सरकारच्या ‘यूएसएड’ या मदत संस्थेचा. पुढच्या फेऱ्यांना ब्रिटनच्या सरकारी मदत खात्याचा, गेट्स फाउंडेशनचा, युनिसेफचा, संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचाही हातभार लागला आणि आपल्या आरोग्य मंत्रालयाचाही. ही पाहणी यूएसएडच्या एका जागतिक कार्यक्रमाशी बांधलेली होती. तो कार्यक्रम १९८४ पासून नव्वदच्या आसपास देशांत चालला.

त्याचा परिणाम असा की आपल्या सात लाख बायकांनी दिलेल्या उत्तरांची मूळ नोंद, अर्थात नावं वगळून, संशोधकांना मुख्यतः या अमेरिकी कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून घ्यावी लागत असे. डोंबिवलीच्या विद्यार्थिनीला महाराष्ट्राच्या बायकांचा अभ्यास करायचा तर तिने अमेरिकेत अर्ज टाकायचा. तो मंजूर होई, पैसेही पडत नसत, हे खरं. पण घर आपलं, सामान आपलं आणि किल्ली शेजाऱ्याकडे, अशी ती व्यवस्था होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शेजाऱ्याने दुकान बंद केलं. अमेरिकी सरकारने त्या कार्यक्रमाचं कंत्राट रद्द केलं. नव्या लोकांची नोंदणी थांबली. १ जुलै २०२५ पासून यूएसएडच अधिकृतपणे संपली. मागाहून तात्पुरत्या मदतीवर त्या कार्यक्रमाचं काही काम तगलं, पण तात्पुरतंच. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं आणि कळव्याच्या बाईच्या रक्तक्षयाचा अभ्यास अडला, याला काय म्हणायचं?

परदेशी पैसा आला म्हणून ती पाहणी वाईट होती, असं मी म्हणत नाही. तिसऱ्या फेरीतल्या हिंसेच्या प्रश्नांमुळेच आपल्याला सभेत उभं राहून “चारांतली एक” असं म्हणता येतं. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. तीस वर्षांत देशातल्या बायकांची माहिती देशाच्या पैशाने, देशात, सगळ्यांना खुली राहील अशी ठेवावी, असं कोणत्याही सरकारला निकडीचं वाटलं नाही. यात सगळ्या रंगांची सरकारं आली.

सरकारकडे पैसा नाही?

आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधनपत्रिका सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना वाचायला मिळाव्यात म्हणून २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. विद्यार्थ्यांना वाचायला मिळतं, चांगलंच आहे. पण यातला गंमतीचा भाग बघा. आपल्या बायकांच्या माहितीवर कोणी परदेशात लेख लिहायचा, तो परदेशी प्रकाशकाने छापायचा आणि तो वाचण्यासाठी आपण वर्गणी भरायची. ज्या माहितीवर तो लेख उभा, ती जपायला मात्र कायमची तरतूद नको! आणि आपल्यासारख्या संघटना या योजनेत बसतच नाहीत; तो लेख आपल्याला तरीही बंदच.

जुलै २०२५ मध्ये संशोधन आणि नवनिर्मितीसाठी १ लाख कोटींचा निधी मंजूर झाला, खासगी उद्योगांना स्वस्त आणि दीर्घ मुदतीचं भांडवल मिळावं म्हणून. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान उभं राहिलं, पाच वर्षांत ५०,००० कोटींचं स्वप्न दाखवत. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. कारखानदार माहितीच्या साठ्याला पैसा देईलही, पण कोणत्या? गिऱ्हाईक काय विकत घेतं याच्या. गिऱ्हाइकाला घरी कोण मारतं याच्या साठ्याला कोण देणार?

आणि सरकारने मनावर घेतलं तर जमतं, याचा पुरावाही आहे. बायकांच्या घरकामाचे तास मोजा, ही आपली जुनी मागणी. १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत चाचणी झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. पुढे वीस वर्षं शांतता. मग २०१९ मध्ये पहिली आणि २०२४ मध्ये दुसरी देशव्यापी वेळ-वापर पाहणी झाली, सरकारी यंत्रणेने केलेली, आणि तिची मूळ नोंदही सर्वांना फुकट खुली आहे. घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि पुरुष ८८ मिनिटं, हे २०२४ चे आकडे आज शिबिरात मांडता येतात. हे जर आपल्या पैशाने होतं, तर मार मोजणं का होऊ नये?

बाहेर बघा. जर्मनीत केंद्र आणि राज्य सरकारांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये करार केला की सर्व शाखांच्या संशोधनाची माहिती जपण्या-वाटण्याच्या राष्ट्रीय व्यवस्थेला दरवर्षी ९ कोटी युरोपर्यंत पैसा द्यायचा. ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठातलं सामाजिक माहितीचं भांडार १९६७ पासून सार्वजनिक पैशावर चालू आहे. आपल्याकडे विचारच नव्हता असं नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ ची. तिचे पहिले सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. वीणा मजुमदारांच्या स्त्री-प्रश्नाच्या संशोधनाला त्यांनी परिषदेचं बळ दिलं. परिषदेने माहितीचं भांडारही उघडलं. पण भांडार उघडणं वेगळं आणि त्याला वर्षानुवर्षं पुरेसं खायला घालणं वेगळं.

प्रकल्प संपला, माहिती मेली

हेच दुखणं खाली आमच्यापर्यंत झिरपतं. एका कंपनीने सामाजिक जबाबदारीच्या निधीतून आम्हाला दोन वर्षांचा प्रकल्प दिला होता. त्यात संगणक आला, केसेसच्या नोंदी भरायला एक मुलगी आली. प्रकल्प संपला तशी ती मुलगी गेली. आज्ञावली करून देणाऱ्याचं वार्षिक शुल्क भरायला पैसे राहिले नाहीत. आता पुन्हा नोंदवह्या आणि गोदरेजचं कपाट. सर्वेक्षणाला पैसा मिळतो, कारण उद्घाटनाचा फोटो निघतो, अहवालाचं प्रकाशन होतं. माहिती जपण्याचा फोटो निघत नाही. बाई घर पुसते ते कोणाला दिसत नाही, पुसलं नाही तरच दिसतं, तसं हे काम आहे. म्हणूनच त्याला पगार नाही.

मोठ्या संस्थांचीही तीच गत. जून २०२४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतल्या शंभरावर शिक्षक-कर्मचाऱ्यांना एका फटक्यात नोकरी संपल्याची पत्रं गेली, कारण त्यांचे पगार ट्रस्टच्या अनुदानावर होते आणि ते अनुदान आलं नव्हतं. आरडाओरडा झाला, ट्रस्टने पैसे देण्याचं मान्य केलं, ३० जूनला पत्रं मागे घेतली गेली. विद्यापीठांतली स्त्री-अभ्यास केंद्रं तर योजनेच्या मुदतवाढीवर श्वास घेतात. एस.एन.डी.टी.मध्ये नीरा देसाईंनी १९७४ मध्ये पहिलं केंद्र सुरू केलं. पन्नास वर्षांनंतरही या केंद्रांना पुढच्या वर्षी आपण असू की नाही, हा प्रश्न चुकलेला नाही.

त्यात २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. परदेशी पैसा घेणारी संस्था आता दुसऱ्या संस्थेला त्यातला रुपयाही देऊ शकत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. एका मोठ्या संस्थेने अर्ज करावा, दहा लहान गटांना वाटा द्यावा आणि सगळ्यांनी मिळून एक नोंदवही ठेवावी, ही वाट बंद झाली. एकत्र येऊ नका, आपापलं बघा, हाच त्याचा अर्थ.

याची किंमत बाई कशी मोजते? नेतिवलीच्या टेकडीवर एका बाईकडे तीन वर्षांत तीन वेगवेगळे संशोधक आले. तिघांचे प्रश्न जवळपास तेच. पहिल्यांदा किती मारलं, कशाने मारलं, मुलांसमोर मारलं का. तिसऱ्या खेपेला ती मला म्हणाली, “ताई, मागच्यांनी लिहून घेतलेलं हरवलं का?” हरवलं नव्हतं. एकाच्या प्रबंधात होतं, एकाच्या संगणकात आणि एकाच्या निधी देणाऱ्याच्या कपाटात. वाटून घ्यायची व्यवस्था नाही म्हणून त्या बाईने आपली जखम तीनदा उघडी केली. माहिती सामायिक असावी ही मागणी संशोधकांच्या सोयीची आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या बाईचा विचार करावा.

आपल्यातल्याच काही जणींना

बैठकीत मी हे मांडते तेव्हा एखादी ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणते, “अगं, आधी बाईला आसरा द्या, आकडे मागून बघू. आकड्यांत बाईचं दुःख मावत नाही.” मावत नाही, मान्य. पण आपला इतिहास आठवून बघा. १९७४ च्या ‘समानतेकडे’ अहवालाने देश हादरला, त्यातलं एक कारण साधी जनगणना होती. हजार पुरुषांमागे १९०१ मध्ये ९७२ बायका होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० झाल्या. गर्भलिंग चाचणीविरुद्ध मुंबईतल्या गटांनी आवाज उठवला, तेव्हा राज्य सरकारने डॉ. संजीव कुलकर्णींकडून एक छोटा अभ्यास करवून घेतला. मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण ही चाचणी करतात, असं त्यात निघालं. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा कायदा केला, १९९४ मध्ये तो देशाचा झाला. रस्त्यावरचा आवाज आणि हातातला आकडा एकत्र आले म्हणून ते घडलं. अभ्यास लहानसा होता, पण सार्वजनिक पैशाचा होता आणि सभागृहात कोणाला तो “तुमच्या संस्थेचा” म्हणून झटकता आला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि मी त्याला मान देते. “सगळी माहिती सरकारच्या हाती एका जागी द्यायची? उद्या तीच आपल्यावर उलटली तर?” भीती खोटी नाही. जानेवारी २०१९ मध्ये बेरोजगारीचा अहवाल दाबल्याच्या मुद्द्यावर पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राष्ट्रीय सांख्यिकी आयोग सोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ ची खर्चाची पाहणी प्रसिद्ध न करण्याचं जाहीर झालं. जुलै २०२३ मध्ये देवनारच्या संस्थेचे संचालक के. एस. जेम्स निलंबित झाले. सरकारने भरतीतल्या अनियमिततेचं कारण दिलं, वर्तमानपत्रांतून पाहणीचे आकडे पसंत न पडल्याची चर्चा झाली. म्हणून नुसता पैसा मागून भागणार नाही. ज्याच्या हाती पैसा त्याच्या हाती आकडा, ही गाठ सोडवावी लागेल. अनुदान द्यायचं सरकारने, पण ते मंत्र्याच्या मर्जीवर नको. आकडा कधी प्रसिद्ध करायचा, हे आधीच कायद्याने ठरलेलं हवं.

बाईची ओळखही सांभाळायला हवी. नाव काढलं म्हणजे झालं असं नाही. वय ३४, जात अमुक, नवरा एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात, मुलं तीन, राहणार तमुक चाळ, एवढं छापलं की अख्खी चाळ तिला ओळखते. नवराही ओळखतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी काही निकषांवर सूट आहे. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलम मात्र आवळलं. सरकारची माहिती झाकली जावी आणि बाईची उघडी पडावी, असा उलटा न्याय होऊ द्यायचा नसेल, तर ते निकष ठरवताना आपण तिथे असायला हवं.

म्हणून आपली मागणी

१. बायकांविषयीच्या राष्ट्रीय पाहण्यांचा आणि त्यांची माहिती जपण्याचा संपूर्ण खर्च केंद्राच्या अर्थसंकल्पात वेगळ्या शीर्षाखाली दाखवा. दोन-तीन वर्षांचा प्रकल्प नको, निदान दहा वर्षांची हमी हवी.

२. मूळ नोंदी देशात, स्वायत्त संस्थेकडे राहाव्यात. ओळख पुसून त्या विद्यापीठांइतक्याच संघटनांनाही फुकट आणि मराठीतून समजतील अशा मिळाव्यात.

३. हिंसेची माहिती जिल्ह्यापर्यंत आणि मोठ्या महापालिकांपर्यंत यावी. त्यासाठी लागणाऱ्या प्रशिक्षित बायांचा पूर्ण पगार त्याच अनुदानात धरावा. त्यांना मानधनावर राबवू नये.

४. घटना अहवालांचा ओळख पुसलेला गोषवारा दरवर्षी प्रसिद्ध व्हावा.

५. प्रत्येक संशोधन अनुदानात माहिती जपण्याचा आणि परत देण्याचा खर्च धरणं सक्तीचं करावं. अभ्यास पुरा झाल्यावर तो त्या वस्तीत जाऊन सांगितला पाहिजे.

६. अशा भांडाराच्या कारभारात संघटनांच्या, दलित-आदिवासी-मुस्लिम वस्त्यांत काम करणाऱ्या बाया निर्णयाच्या अधिकाराने असाव्यात, शोभेला नकोत.

सरकार देईल तेव्हा देईल. आपण इथे थांबायचं कारण नाही. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत समुपदेशन करणाऱ्या आपल्या गटांपैकी प्रत्येकीचा केस-फॉर्म वेगळा आहे. कोणी वय लिहितं, कोणी वयोगट. कोणी पत्ता घेतं, कोणी फक्त स्टेशन. नाव वगळून वीस-बावीस प्रश्नांचा एकच फॉर्म सगळ्यांनी वापरला, तर वर्षभरात आपल्या हातात निदान आपल्या दारांपुरता तरी एकत्र आकडा असेल. तो आपल्या सगळ्यांचा राहील आणि वापरायचा कसा हे मिळून ठरवू. साहेब त्याला अधिकृत म्हणणार नाहीत. मग आपण विचारू, तुमचा कुठे आहे?

फॉर्मचा आणि निवेदनाचा कच्चा मसुदा तयार आहे. पुढच्या विभागीय बैठकीत तो वाचू. ज्या संघटनांकडे जुन्या नोंदवह्या आहेत त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, सोबत घेऊन याव्यात.